कातरीला दीड

बाळांनो, जरा डोळे मिटा.

मार्च महिन्याची सकाळ आहे. तुम्ही उघड्या माळावर पोटावर पालथे पडला आहात. खालचं वाळकं गवत कोपरांना टोचतंय. कानापाशी एक मुंगी फिरतेय, पण तिला झटकायचं नाही, कारण हात हलला तर समोरचा कळप उधळेल. डोळ्यांना दुर्बीण लावलेली आहे. दुर्बिणीत एक काळविटाची मादी दिसतेय, पाठमोरी. तिच्याजवळ जायचं नाही, तिला हाक मारायची नाही, हात लावायचा तर प्रश्नच नाही. नुसतं बघायचं आणि सांगायचं, हिचं पोटापाण्याचं बरं चाललंय का?

कसं सांगाल?

दहा वर्षांच्या काव्यालाही आधी सांगता येत नव्हतं. मैसूरच्या मंडी मोहल्ल्यात राहणाऱ्या मुलीला रस्त्यावरच्या गाई माहीत, दसऱ्याचे हत्ती माहीत. रानातलं जनावर लठ्ठ की रोड हे तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं. ते तिला शिकवलं तिच्या अज्जांनी, म्हणजे आजोबा दामोदररावांनी.

दामोदररावांची सगळी नोकरी पोलिसांच्या घोडदळात गेली. त्यांचे वडील घोड्यांत, आजोबा घोड्यांत, आणि त्यांच्याही आधीचे सगळे मैसूरच्या राजाच्या फौजेत, तेही घोड्यांवरच. घोड्याच्या बरगड्यांवरून नुसता तळवा फिरवला की त्याच्या खाण्यात काय कमी पडतंय ते दामोदरराव सांगत. आता घोडे नव्हते, गुडघे दुखत होते, आणि दिवस संपता संपत नव्हता.

अशात त्यांच्या माडीवरची खोली रजनीने भाड्याने घेतली. रजनी पुण्याची, जनावरांची डॉक्टर. येलवालच्या पुढे, हुणसूरच्या रस्त्याला लागून, राजांच्या गुरांसाठी पूर्वी राखलेलं एक मोठं गायरान होतं. इकडे त्याला कावल म्हणतात. त्या कावलात काळविटांचा एक कळप उरला होता, एकतीस जनावरांचा. दर शनिवारी पहाटे जीप घेऊन जायचं आणि प्रत्येक जनावराच्या अंगावर मांस किती, चरबी किती, हे लांबून बघून लिहायचं, हे रजनीचं काम.

"एकटीच्या डोळ्यांवर विश्वास ठेवून चालत नाही काका," ती दामोदररावांना म्हणाली होती. "दोघांनी वेगवेगळं लिहायचं, एकमेकांना न दाखवता. मग ताडून बघायचं. तुम्ही याल?"

"येईन की. पण माझा हात लागल्याशिवाय मला कळेल का गं?"

"डोळ्यांनीच हात लावायचा."

हे वाक्य दामोदररावांना इतकं आवडलं, की आठवडाभर त्यांनी ते दूधवाल्यालासुद्धा ऐकवलं. पुढच्या शनिवारी ते जीपमध्ये बसले. त्याच्या पुढच्या शनिवारी काव्या बसली, कारण ती जिन्यात आडवी पडून रडली होती.

रजनीकडे एक कार्ड होतं. त्यावर पाच चित्रं, एकापासून पाचपर्यंत. एक म्हणजे पाठीचा कणा करवतीसारखा, खुब्याची हाडं वर आलेली, फासळ्या मोजून घ्याव्या अशा. पाच म्हणजे गोल गरगरीत, हाड कुठे आहे ते शोधावं लागेल. मधलं वाटलं तर दीड, अडीच असंही लिहायचं.

"नोड, बघ काव्या, तोंडाकडे बघायचंच नाही," अज्जा कुजबुजत. "तोंड सगळ्यांचं गोडच असतं. मागून बघ. शेपटीच्या बुडाशी खळगा आहे का? कण्याच्या दोन्ही बाजूंना मांस भरलंय, की उतार झालाय? मग कडेने बघ, फासळ्या."

"अज्जा, ती हलतेय!"

"मग काय फोटोला उभी राहील? सुम्मने बस, गप्प. वळेल पुन्हा."

तीन शनिवारांत काव्याचे आकडे अज्जांच्या आकड्यांशी जुळू लागले. पहिल्यांदा जुळला त्या दिवशी अज्जांनी आपली टोपी काढून तिच्या डोक्यावर ठेवली.

एकतीस जनावरांत तिची एक होती. तिच्या डाव्या कानाचा शेंडा कात्रीने कापल्यासारखा गेलेला, म्हणून अज्जांनी तिचं नाव कातरी ठेवलं. काळविटाच्या मादीला शिंगं नसतात, त्यामुळे सगळ्या माद्या सारख्याच दिसतात. कातरी मात्र काव्याला पाठमोरीसुद्धा ओळखू येई. जानेवारीच्या शेवटी कातरीला पाडस झालं. ओढ्याकाठच्या शिंदीच्या झुडपांत ती त्याला लपवून ठेवी आणि दिवसातून दोन-तीनदा जाऊन पाजून येई.

फेब्रुवारीत कातरीला अडीच मिळाले. मार्चच्या पहिल्या शनिवारी दोन.

"पाचापैकी दोन," काव्या जीपमध्ये हिशेब करत म्हणाली. "फॉर्टी पर्सेंट. जस्ट पास."

रजनी खळखळून हसली. "तुझ्या शाळेत घालू या हिला."

"आमच्या शाळेत थर्टी-फाइव्हला पास असतं, अक्का."

"मग सुटली बिचारी!"

दुसऱ्या शनिवारी ताडायला नोंदी काढल्या. रजनीने लिहिलं होतं दीड, अज्जांनी दीड. काव्यानेही दीडच लिहिलं होतं, आणि तिन्ही आकडे जुळले म्हणून रजनीने तिची पाठ थोपटली. येलवाल मागे पडलं तरी काव्या खिडकीबाहेरच बघत होती.

"काय गं? झोप आली?" अज्जांनी विचारलं.

"दीड म्हणजे थर्टी पर्सेंट, अज्जा. फेल झाली ती."

"अय्यो, पास-फेल काय त्यात!" अज्जा हसले, आणि त्यांनी पुढे रजनीला रस्त्यातला खड्डा दाखवला. बोलणं तिथेच राहिलं.

त्यानंतर रजनी दहा दिवसांसाठी पुण्याला गेली. जाताना म्हणाली, "काका, जमलं तर बसने जाऊन नोंदी तेवढ्या करून ठेवा. प्राणेश आहेच तिथे." प्राणेश म्हणजे कावलाचा राखणदार.

गुरुवारी संध्याकाळी दामोदरराव पडवीत चिंचा फोडत बसले होते. काव्या त्यांच्यासमोर येऊन बसली आणि चिंचोके वेगळे करू लागली.

"अज्जा, तुमचा एखादा घोडा एकदम बारीक झाला, तर काय करायचा तुम्ही?"

घोड्याचं नाव निघालं की दामोदररावांची पाठ ताठ होई. "बारीक? माझ्या हाताखाली? एक होता बघ, राजा नावाचा. दुसऱ्या ठिकाणाहून आला तेव्हा नुसता सांगाडा. सगळे म्हणाले, हा जातो. मी म्हटलं, थांबा. हुरळी घेतली." त्यांच्या घरात कुळथाला कन्नडसारखं हुरळीच म्हणत. "रात्री भिजत घालायची. सकाळी त्यात नाचणीचं पीठ, आणि वर मूठभर गूळ. पंधरा दिवसांत फासळ्या झाकल्या. मी पैज मारली होती, नाही झाकल्या तर मिशी उतरवीन म्हणून!"

"मिशी राहिली?"

"ही काय!" अज्जांनी मिशीवर ताव दिला. दोघंही हसले.

आपण नातीला जुनी गोष्ट सांगतोय असं दामोदररावांना वाटलं. काव्या मनात औषध लिहून घेत होती.

शुक्रवारी तिने डब्यात कुळीथ भिजत घातले. "कशाला गं?" तिच्या आईने, वनजाने विचारलं. "प्रोजेक्टला," काव्या म्हणाली. मोड आणायचे असतील असं वाटून वनजाने वर एक ओलं फडकंही घालून दिलं.

शनिवारी आजोबा-नात हुणसूरच्या बसने गेले. नेहमीच्या बाभळीखाली अज्जा दुर्बीण घेऊन बसले. तिथून ओढ्याचा खोलगट भाग दिसत नसे. "प्राणेशअण्णाकडून पाणी आणते," असं सांगून काव्या निघाली आणि वळसा घालून ओढ्यात उतरली. शिंदीच्या झुडपांजवळ सपाट दगड होता. त्यावर तिने पहाटे पीठ आणि गूळ कालवलेला डबा पालथा केला, आणि काठाआड जाऊन पडून राहिली, शिकवलं होतं तशी, मुंगीसुद्धा न झटकता.

कातरी आली. थबकली. मान लांब करून हुंगलं, मागे सरली, पुन्हा आली. मग तिने एक घास घेतला. गुळाची चव लागली असावी, कारण त्यानंतर तिने मान वर केलीच नाही. झुडपातून पाडसही बाहेर आलं आणि आईच्या पायांमधून सरळ काव्याकडे बघत उभं राहिलं. काव्याला रडू आलं, आनंदाने.

"पाणी आणायला गेलीस की विहीर खणायला?" अज्जांनी विचारलं.

रविवारी तिने हट्ट करून अज्जांना पुन्हा नेलं. या वेळी दप्तराची पिशवी भरून होती. कुळीथ, पीठ, गूळ, घरात हाताला लागलं ते सगळं. कातरी आधीच दगडापाशी येऊन उभी होती.

सोमवारी काव्याचा गणिताचा पेपर होता. पेपर लिहिता लिहिता ती मध्येच हसली. पंधरा दिवसांनी तीन. तीन म्हणजे साठ टक्के, फर्स्ट क्लास.

मंगळवारी संध्याकाळी रजनी परत आली. सामान माडीवर न नेता ती तशीच पडवीत शिरली. तिच्या बुटांना कावलाची तांबडी माती लागली होती.

"काका, मी थेट तिकडूनच येतेय," ती म्हणाली. "काल सकाळी कातरी मेली."

काव्या दारात उभी होती. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो तिने दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"कशाने गं?" दामोदररावांनी विचारलं. "अंगावर दूध होतं, म्हणून रोडावली होती, पण..."

"रोडावल्याने नाही. दीड असला तरी ती मरणार नव्हती. पाजणारी आई या दिवसांत अशीच उतरते. तिच्या अंगावरचं पाडसाच्या अंगावर जातं. मे महिन्यात वळवाने गवत फुटलं की आपोआप भरून आली असती, दर वर्षी येतात तशी." रजनीने कपाळ चोळलं. "पोट नगाऱ्यासारखं फुगलं होतं. सरकारी डॉक्टरांनी उघडून बघितलं. आत भिजलेले कुळीथ, पीठ, गूळ. कुणीतरी ओढ्यातल्या दगडावर खायला घातलं तिला."

"कुळीथ," दामोदरराव म्हणाले.

"रवंथ करणाऱ्याचं पोट गवतासाठी बनलेलं असतं काका. त्यात लाखो बारीक जीव असतात, तेच गवत पचवतात. एकदम पीठ-गूळ पडला की आत सगळं आंबतं. आंबट होऊन ते जीव मरतात, पोट फुगतं, श्वास कोंडतो. रात्रभर तडफडली असणार. घोड्यांचं वेगळं. तुम्हाला माहीतच आहे."

दामोदररावांनी हळूच मान वळवून दाराकडे बघितलं. काव्याने त्यांच्याकडे बघितलं नाही. ती तांब्याकडे बघत होती.

"मी घातलं," दामोदरराव म्हणाले.

"काय?"

"मीच घातलं गं. जुनी खोड. जनावर बारीक दिसलं आणि राहवलं नाही. घोडा समजलो."

रजनीने त्यांच्या पायांकडे बघितलं. "तुम्ही? तुम्ही ओढ्यात उतरलात? या गुडघ्यांनी?"

"हळूहळू उतरलो."

"काका, मी तुमच्यावर... सहा वर्षं झाली मला या कामात. तुमच्यासारखी नजर मी दुसऱ्या कुणाची बघितली नाही. पण आता शनिवारी तुम्ही येऊ नका. मला हे म्हणताना काय होतंय ते माझं मला माहीत. पण येऊ नका."

"आयतु," दामोदरराव म्हणाले. "बरोबर आहे तुझं."

रजनी वर गेली. काव्याने तांब्या खाली ठेवला. अज्जा आता रागावतील, असं तिला वाटलं. तिला तेच हवं होतं. पण त्यांनी तिला जवळ घेतलं आणि तिच्या केसांवरून तळवा फिरवत राहिले.

"मी सांगितलं ना तुला तसं करायला," ते म्हणाले. "मग मीच घातलं. खोटं कुठे बोललो?"

बुधवार गेला, गुरुवार गेला. काव्या शाळेत गेली, पेपर लिहिले, घरी आली. ताटात कुळथाचं सार आलं त्या दिवशी ती पानावरून उठली. वनजाने कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता.

शनिवारी पहाटे खाली जीप सुरू झाल्याचा आवाज आला. काव्याला त्याच आवाजाने जाग यायची सवय होती. ती उठून बाहेर आली. पडवीत अज्जा उभे होते. त्यांनी स्वेटर घातला होता, टोपी घातली होती, गळ्यात दुर्बीण होती. चहाही पिऊन झाला होता. ते गजांतून जीपकडे बघत होते. आपण कशासाठी तयार झालो हे त्यांना आत्ता कुठे आठवलं असावं, कारण त्यांनी हळूच टोपी काढली आणि खुंटीला लावायला वळले.

काव्या त्यांच्या बाजूने धावत सुटली. अनवाणी, झोपेच्या कपड्यांत. जीप कोपऱ्यावर वळत होती.

"अक्का! अक्का, निल्ली! थांबा!"

रजनीने ब्रेक लावला.

"मी घातलं," काव्या म्हणाली. धाप लागल्यामुळे तिला एकेक शब्द वेगळा काढावा लागत होता. "शनिवारी डबा. रविवारी पिशवी. अज्जांनी नाही. अज्जांनी घोड्याचं सांगितलं. मी विचारलं म्हणून सांगितलं. ते बाभळीखालीच होते. ती फेल झाली होती, म्हणून मी..."

मागून दामोदरराव लंगडत येत होते. "काव्या! सुम्मने राहा! रजनी, तिचं काही ऐकू नकोस, लहान आहे, काहीही बोलतेय..."

रजनीने इंजिन बंद केलं. गल्लीत एकदम शांत झालं. "चार दिवस झाले," ती काव्याला म्हणाली. "आज का सांगतेस?"

"अज्जांनी स्वेटर घातलाय," काव्या म्हणाली.

रजनीने पलीकडचं दार उघडलं. "चपला घालून ये. काका, बसा."

येलवाल गेल्यावर रजनी रस्त्याकडेच बघत म्हणाली, "तू टक्के काढलेस तेव्हा मी हसले होते. तेव्हाच गाडी थांबवून तुला सांगायला हवं होतं, की हे मार्क नव्हेत. कुणाला पास-नापास करायला नाही लिहीत आपण. ऋतूमागे अंग कसं चढतं-उतरतं ते बघतो. मी नुसती हसले."

"मीसुद्धा खड्डा दाखवत बसलो," दामोदरराव म्हणाले.

काव्याला वाटलं, ही दोघं आपल्याला बरं वाटावं म्हणून बोलताहेत. तिला बरं वाटत नव्हतं.

कावलात ऊन वर येत होतं. बाभळीखाली तिघं बसली. कळप लांब चरत होता. काव्याने तीनदा मोजला. तीनदा एकतीसच्या जागी तीस आले, पाडस सोडून.

पाडस कळपात नव्हतं. ते कडेला, ओढ्याच्या काठावर एकटं उभं होतं. मध्येच दोन-चार काड्या तोंडात घेई, मध्येच मान वर करून बारीक आवाज काढी आणि वाट बघे.

"वाचेल?" काव्याने विचारलं.

"माहीत नाही," रजनी म्हणाली. "दोन महिन्यांचं होईल आता. गवत खायला लागलंय. पण दूध आणखी काही आठवडे हवं होतं."

"आपण घरी नेऊ या? मी बाटलीने..."

"धरायला गेलं की ही जनावरं घाबरूनच मरतात. कळपाबरोबर राहिलं, तर थोडी आशा आहे. एकटं राहिलं तर कुत्री सोडणार नाहीत."

तेवढ्यात पाडसाने त्यांच्या दिशेने बघितलं. बाकीचा कळप माणसांची चाहूल लागताच आणखी लांब सरकला होता. पाडस मात्र निघालं, आणि ते सरळ बाभळीकडे येऊ लागलं. चार पावलं टाकून थांबे, नाक वर करी, पुन्हा चाले. इतकं जवळ आलं, की दुर्बिणीशिवाय त्याच्या पापण्या दिसू लागल्या. ते रजनीकडे बघत नव्हतं, अज्जांकडे बघत नव्हतं.

"ओळखतं तुला," दामोदरराव अगदी हळू म्हणाले, आणि त्यांनी तोंड फिरवलं.

काव्या उठून उभी राहिली. पाडस पळालं नाही. उलट आणखी दोन पावलं पुढे आलं.

तेव्हा काव्याने दोन्ही हात डोक्यावर उंच केले आणि जोरात टाळी वाजवली. पाडस दचकलं, पण गेलं नाही. मग ती त्याच्या अंगावर धावत गेली. "जा!" ती ओरडली. "होगु! जा ना! होगु!" पाडसाने उडी घेतली, वळून पुन्हा तिच्याकडे बघितलं, आणि तिने मातीचं ढेकूळ उचलून त्याच्या पायांपाशी फेकलं. मग मात्र ते पळालं. नाक गळत होतं, समोरचं काही दिसत नव्हतं, तरी ती टाळ्या वाजवत, ओरडत, ते कळपात शिरेपर्यंत त्याच्या मागे धावत राहिली.